खारपाणपट्ट्यातल्या गावी राहायला येताय? पहिलं वर्ष असं काढा

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून उत्तरेला दर्यापूरकडे निघालं की चढ-उतार संपतात. दोन्ही बाजूंना काळी वावरं, मधूनमधून बाभळी, आणि आभाळ निवळलेलं असलं तर पार उत्तरेला गाविलगडाच्या डोंगरांची निळी रेघ. हे पूर्णेचं खोरं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आमचा खारपाणपट्टा. वर माती काळी, कसदार. खाली पाणी खारं.

वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, पुण्यातली नोकरी सोडून मी बायको-मुलीसह इथं राहायला आलो. गाव दोनशे-सव्वादोनशे उंबऱ्यांचं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या इथेच गेल्या होत्या, त्यामुळे गाव आपल्या माहितीतलं आहे असं मी धरून चाललो होतो. पण सुट्टीला येणाऱ्याला गाव पाहुणचार दाखवतं. पाण्याची पाळी, फेरफाराची म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवण्याची चक्कर, धुऱ्याचा म्हणजे बांधाचा वाद हे राहणाऱ्याच्या वाट्याला येतं. त्यात माझं एक वर्ष आणि बराच पैसा गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय. वडिलोपार्जित शेती-घर आहे आणि शहरातून परत यायचंय, अशांसाठी हे मुख्यतः आहे.

एकच गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिल्या वर्षी वावरातून कमाईची आशा धरू नका. ते वर्ष कागद, पाणी आणि माणसं यांना द्या. वर्षभर पुरेल एवढा घरखर्च बाजूला ठेवूनच या.

१. येण्याआधी गाव दोनदा बघा: एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये

दिवाळीत सगळी गावं सुंदर दिसतात. बोंडं फुटलेली असतात, हवा गार असते, आणि याच दिवसांत लोक परत यायचं ठरवतात. तुम्ही मे महिन्यात या आणि चार दिवस मुक्काम करा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, वीज किती वेळ जाते, दुपारी बारा ते चार माणूस घरात कसा राहतो, हे तेव्हा कळतं. वावरात जाऊन भेगा बघा. आमच्या वावरातल्या काही भेगांत माझा हात कोपरापर्यंत जातो.

मग ऑगस्टमध्ये झडी लागलेली असताना या. घरापासून वावरापर्यंत पायी चाला. ही माती ओली झाली की चपलेला इतकी चिकटते की दहा पावलांत पाय उचलत नाही. गाडी तर सोडाच, ट्रॅक्टरही फसतो. तुमच्या वावराला जाणारी पांदण पावसाळ्यात चालू राहते की नाही, हे फक्त त्याच दिवसांत दिसतं.

२. आधी कागद

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर जमीन असेल तर गावी येण्याच्या आधीच हे काम सुरू करा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा आणि ८अ बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो सगळीकडे चालतो. तो काढा आणि शांतपणे वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, आणि सगळ्यात महत्त्वाचा 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीचा जुना बोजा, बँकेचं कर्ज, कुणाचा वहिवाटीचा हक्क, सगळं तिथे असतं. आमच्या सातबाऱ्यावर वडिलांनी केव्हाच फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच होता. बँकेतून बेबाकी दाखला आणून तो उतरवण्यात दोन महिने गेले.

क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. ४० आर म्हणजे साधारण एक एकर, हे डोक्यात ठेवा. गावात कुणी आर म्हणत नाही.

वारस नोंदीसाठी हे लागतं:

- मृत्यूचा दाखला (मूळ प्रत आणि चार-पाच झेरॉक्स)
- सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सोबत वंशावळ
- सगळ्यांची आधार कार्डं
- चालू सातबारा आणि ८अ
- रेशन कार्डाची प्रत (बहुतेक ठिकाणी मागतात)

अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज झाला की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मंजूर झालेल्या फेरफाराची नक्कल काढून ठेवा. नुसत्या 'झालं तुमचं काम' या शब्दावर घरी जाऊ नका.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिली अडचण बहिणींची. बहिणी बरोबरीच्या वारस आहेत. 'तिला काय करायचंय जमिनीचं' म्हणून नाव गाळू नका. ते बेकायदेशीर आहे आणि अन्यायाचंही आहे. बहिणीला आपल्या मनानं हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. साध्या कागदावरची सही उद्या कुठेही टिकत नाही.

दुसरी नावाची. सातबाऱ्यावर 'बंडू', आधारवर 'पांडुरंग', बँकेत तिसरंच. शेतकरी ओळख क्रमांक, पीककर्ज, अनुदान सगळं या एका फरकानं अडतं. वारस नोंद करतानाच आधारप्रमाणे नाव लावून घ्या.

तिसरी ८अ आणि नमुना ८ ची. ८अ हा तलाठ्याकडचा शेतीचा खातेउतारा. नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, ज्यावर घरपट्टी लागते. मी पहिल्यांदा एक मागायला गेलो आणि दुसरा घेऊन आलो. तालुक्याची एक पूर्ण चक्कर त्यात वाया गेली. घराच्या नमुना ८ वर नाव लावण्यासाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज करावा लागतो. गावठाणातल्या घरांची स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर घराची सनदही मागून घ्या.

ज्यांची इथे जमीनच नाही आणि विकत घ्यायची आहे, त्यांच्यासाठी: विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. घरात कुणाच्याही नावावर शेती नसेल तर आधी तहसीलमध्ये विचारा, मग इसाराचा विचार करा. 'आपण करून देतो सगळं' म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हातात एक रुपयाही ठेवू नका.

३. धुरा आणि पांदण

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो आमच्याकडे धुरा. या सपाट मुलखात ओढा नाही, टेकाड नाही, एका वावरातून दुसरं वावर ओळखायला धुऱ्याशिवाय दुसरी खूण नाही. मालक शहरात असला की शेजारच्या नांगराचा फाळ दरसाल वीतभर आत येतो, आणि वीस वर्षांत पिकाचे दोन-तीन तास (ओळी) गेलेले असतात. शेजाऱ्याचा प्रत्येक वेळी वाईट हेतूच असतो असंही नाही. ट्रॅक्टरवाल्याला धुरा दिसतच नाही.

आल्याआल्या भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, पैसे भरा आणि मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना स्वतः घरी जाऊन बोलवा. कार्यालयाची नोटीस त्यांना जातेच, पण तुम्ही उंबऱ्यावर जाऊन 'काका, उद्या मोजणी आहे, तुम्ही असा' म्हटलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. मोजणी झाली की त्याच दिवशी खुणांचे दगड पुरा. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

पांदण कुणी अडवली असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. चालू असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, आणि रस्ताच नसेल व धुऱ्यावरून नवा हवा असेल तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्हीचे अर्ज वेगळे. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की तारखांवर तारखा पडत राहतात.

४. पाणी: याबाबतीत चूक करू नका

खारपाणपट्ट्यात सगळ्यात जास्त नुकसान पाण्यापायी होतं, माझंही झालं. म्हणून हे जरा लांब.

पिण्याचं पाणी आमच्या गावाला शहानूर धरणाच्या योजनेचं येतं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचं. हे पाणी गोड, पण रोज येत नाही. उन्हाळ्यात पाळी लांबते, आणि मध्ये कुठे पाइपलाइन फुटली की आणखी लांबते. घर लावताना पहिला खर्च टाकीवर करा. चार माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाचं गोड पाणी किमान दहा दिवस पुरेल एवढी साठवण हवीच.

घरामागे बोअर मारायचा मोह होईल. पाणी लागतंही. पण ते खारं असतं, काही ठिकाणी इतकं की साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. धुण्याभांड्यालाही ते त्रासाचंच. पाणी उकळलं की चांगलं होतं, असं काही जण सांगतील. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं थोडे वाढतातच. हे पाणी पिऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या तक्रारी सतत ऐकू येतात. नाइलाजच असेल तर आरओ बसवा, आणि त्यातून बाहेर पडणारं वाया पाणी परसातल्या झाडांना घालू नका. त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. आमचं कडीपत्त्याचं झाड असंच गेलं.

छतावरचं पावसाचं पाणी मात्र जरूर धरा. शंभर चौरस मीटरचं टिनाचं किंवा स्लॅबचं छत आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला, गळती-सांडणीचा पाचवा हिस्सा सोडला, तरी ५६,००० लिटर पाणी होतं. पहिला पाऊस वाहू द्या, छत धुऊन निघू द्या, मग पाइप टाकीकडे वळवा. तोंडाला बारीक जाळी आणि वर घट्ट झाकण, नाहीतर डास होतात.

आता वावराचं पाणी. पहिल्या रब्बीत मी दोन एकर हरभऱ्याला जुन्या बोअरचं पाणी दिलं. एक ओलीत मिळालं तर पीक दीडपट होईल, असा माझा हिशेब होता. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. पीक गेलं याचं एवढं नाही, पण पुढच्या पावसाळ्यात त्या दोन एकरांत पाणी मुरेना. सगळीकडे वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला तरी तिथे डबकं. शेजारचे सत्तरीतले काका आले, धुऱ्यावर उकिडवे बसले. ढेकूळ उचललं, चुरडायला गेले तर ते चुरडेना. साबणासारखं गुळगुळीत आणि वर पांढुरकी झाक. ते ढेकूळ माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "भाऊ, हे वावर चोपन झालं. आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं न. ह्या पान्यानं एकडाव भिजवलं का मंग वावर पावसाचं पानी बी घेत नाई."

खाऱ्या पाण्यातलं सोडियम मातीच्या कणांना धरून बसतं, माती चिकट होते आणि तिच्यातली हवा-पाण्याची वाटच बंद होते. सुधारणा होते, पण वर्षं लागतात. मी माती परीक्षण करून घेतलं, सांगितलेल्या मात्रेत पावसाळ्याआधी जिप्सम घातलं, ढेंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून गाडला आणि पाण्याला निघायला चर काढला. तिसऱ्या वर्षी कुठे ते दोन एकर बाकीच्या वावराच्या जवळपास आले.

तेव्हा बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा एक थेंब वावरात जाण्याआधी पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. मातीत सामू (पीएच), विद्युत वाहकता आणि विनिमययोग्य सोडियम बघायला सांगा. पाण्यात क्षार आणि सोडियम दोन्ही. नुसता एन-पी-केचा (नत्र, स्फुरद, पालाश) अहवाल घेऊन येऊ नका, त्यातून इथलं खरं दुखणं कळत नाही.

ओलिताची खरी सोय म्हणजे शेततळं. पावसाचं गोड पाणी धरायचं आणि ऑक्टोबरात हरभऱ्याला एक पाणी द्यायचं, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. आमची माती इतकी चिकट आहे की माझं तळं प्लास्टिकशिवाय संक्रांतीपर्यंत पाणी धरतं. तळं फार खोल नेऊ नका. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली होती. तुमचं गाव कोणत्या योजनेत बसतं आणि सध्या अर्ज चालू आहेत का, हे कृषी सहायकाला (आताचं पदनाम सहायक कृषी अधिकारी) विचारा. आधी मंजुरी, मग खोदकाम. आधी खोदून नंतर अनुदान मागणाऱ्याला काही मिळत नाही.

५. घर

जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, असेल तर पाडायची घाई करू नका. मे महिन्यात त्या मातीच्या भिंतींची किंमत कळते. धाब्यावरची माती दरसाल पावसाआधी बघायची, नवी पांढरी माती टाकायची, पन्हाळ मोकळे करायचे.

नवं बांधत असाल तर पायावर कंजुषी नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर हलतं. गावातल्या नव्या-नव्या घरांच्या भिंतींवर तिरप्या भेगा दिसतील, त्या यामुळेच. इंजिनिअर तालुक्याचाच घ्या, ज्यानं याच मातीत घरं बांधलीत असा. पुण्या-मुंबईचा नकाशा इथे चालत नाही. पाया भेगांच्या खोलीच्या खाली गेला पाहिजे, प्लिंथला बीम हवा, भराव मुरुमाचा हवा, काळ्या मातीचा नाही. घराच्या चारी बाजूंनी फरसबंदी करा म्हणजे पायाजवळ पाणी मुरणार नाही.

जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नका. मण्यार रात्री घरात शिरते, आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. बाज वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, कुटाराचा (भुशाचा) ढीग घरापासून लांब ठेवा. कुणाला साप चावलाच तर १०८ ला फोन, आणि थेट सरकारी दवाखाना. तुमच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते हे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारून ठेवा.

६. वावर: पहिल्या हंगामात काय करायचं

माझा सल्ला, निम्म्याहून जास्त वावर पहिल्या वर्षी मक्त्यानं किंवा बटईनं द्या आणि दोन-तीन एकर स्वतः करा. मक्ता म्हणजे ठरलेली रोख रक्कम, बटई म्हणजे खर्च आणि पीक दोन्हीत वाटा. कसंही द्या, पण एका सालासाठी आणि लिहून. साल पाडव्याला बदलतं, सालगड्याचंही आणि मक्त्याचंही. पाडवा उलटल्यावर चांगला माणूस मिळत नाही. लिहिताना हेही ठरवा की विम्याची भरपाई किंवा अतिवृष्टीचं अनुदान आलं तर ते कुणाचं. पैसे सातबारावाल्याच्या खात्यात येतात आणि नुकसान कसणाऱ्याचं झालेलं असतं. चांगली माणसं यावरून कायमची तुटलेली मी पाहिलीत.

स्वतःच्या तुकड्यात मूग आणि त्यावर हरभरा घ्या. दर्यापूर भागातली ही जुनी जोडी. मूग थोड्या दिवसांत निघतो, आणि मग मातीत उरलेल्या ओलीवर हरभरा येतो. कपाशीचं नंतर बघा. कपाशीचं भांडवल मोठं, फवारण्या जास्त आणि बोंडअळीची धास्ती वेगळी.

पेरणीची घाई नको. मृगाचा पहिला पाऊस पडला की गावात तिफणी-ट्रॅक्टर सुटतात आणि आपलंही मन धावतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली की मगच पेरा. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, मजुरी आणि हंगाम तिन्ही गेलं. एका सरळ डब्यात पाऊस मोजून रोज वहीत लिहायची सवय लावा. आणि वाफसा येईपर्यंत वावरात पाय ठेवू नका. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर माती अशी दाबली जाते की सालभर ती जागा पिकात वेगळी दिसते.

बियाणं पक्क्या बिलावरच घ्या. पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि मूठभर दाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, उगवण झाली नाही तर तक्रारीला हेच लागतं. 'चोर बीटी'च्या, म्हणजे बेकायदा कपाशी बियाण्याच्या, पाकिटांना हात लावू नका. त्याला बिल नाही, त्यामुळे फसलात तर दाद नाही.

फवारणीबद्दल कळकळीनं सांगतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतरही उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडावर, दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारणारी माणसं दरसाल दिसतात. तुमच्या वावरात कुणी फवारत असेल तर मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा तुम्ही द्या आणि घातल्याशिवाय पंप उचलू देऊ नका. दुपारच्या उन्हात फवारणी बंद. माणूस 'काय होते भाऊ' म्हणेल, तरीही.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरं नुकसान करतील. नुकसान झालं त्याच दिवशी फोटो काढा आणि वनविभागाकडे अर्ज द्या. चार दिवसांनी पंचनाम्याला काही उरत नाही.

७. नोंदण्या, ज्यांच्याशिवाय पैसा अडतो

- शेतकरी ओळख क्रमांक: ॲग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचा. कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा. सातबारा आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जा.
- ई-पीक पाहणी: २०२१ पासून ही नोंद आपली आपण मोबाइलवर करायची असते, वावरात उभं राहून. पेरा केला आणि नोंद केली नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही. मग विमा अडतो आणि हमीभावाची विक्रीही. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ॲप चालत नाही, लवकर उरका.
- पीकविमा: एक रुपयाचा विमा आता नाही. २०२५ च्या खरिपापासून खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला पाच टक्के हप्ता आहे.
- सोसायटी: गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं सभासदत्व घ्या. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं.
- पीएम किसान: जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतली असेल तर मिळत नाही. वारसानं आली असेल तर मिळू शकते, त्यासाठी फेरफाराची नक्कल लागते.

मतदार यादी, रेशन कार्ड, गॅस हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत बदलून घ्या.

विकायची वेळ आली की एक लक्षात ठेवा. दाराशी येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचा भाव आणि त्याचा काटा, दोन्ही तपासा. घरून एका गाठोड्याचं वजन करून ठेवा आणि त्याच्या काट्यावर तेच गाठोडं टाकून बघा. कपाशी सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) द्यायची तर आधी नोंदणी लागते, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर माल परत येतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सकाळच्या दवातला कापूस वेचून थेट गाडीत भरू नका, दोन उन्हं दाखवा.

८. माणसं

पहिल्या दिवसापासून तुम्हाला एकच प्रश्न येईल. "कोनाचे व्हय तुमी?" शहरात काय करत होतो, किती शिकलो, हे सांगू नका. वडिलांचं नाव सांगा, आजोबांचं सांगा. त्या नावावर दार उघडतं, आणि कधीकधी त्या नावावरचं जुनं देणंघेणंही निघतं. माझ्या आजोबांनी एका घरून कुडवभर ज्वारी बियाण्याला नेली होती आणि तेवढ्यात ते वारले. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या घरच्या आजींनी ती हसत सांगितली. मी दुसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी नेऊन दिली, आणि आजही त्या घरून आमच्याकडे पहिल्या हुरड्याचं बोलावणं येतं.

मोठ्यांना काका, काकाजी, बरोबरीच्यांना भाऊ. मजुरीला येणाऱ्या बायांना मावशी, ताई. त्यांची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या, बाजार झाल्यावर नाही. तेलमीठ त्या पैशांतून यायचं असतं.

मौतीला जा. लग्नाला नाही गेलात तर चालेल, मौतीला गेलंच पाहिजे, बोलावणं येत नाही तरी. सप्ताह आणि भंडाऱ्याची वर्गणी द्या, पण त्याहून जास्त, पंगतीत वाढायला उभे राहा. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर जाऊन बसा. गावात काय चाललंय ते प्रार्थना सुटल्यावरच्या दहा मिनिटांत कळतं. ग्रामसभेला जा, पण पहिलं वर्ष ऐका. गटतट कसे आहेत हे न कळता बोललेलं एक वाक्य पाच वर्षांच्या निवडणुकीपर्यंत आठवणीत राहतं.

बायकोचा आणि मुलांचा विचार वेगळा करा. माझं गाव ते माझं, तिचं नव्हतं. पहिले सहा महिने तिला 'पुन्याची सून' एवढीच ओळख होती. बचत गटात ती जायला लागली, हिशेबाची वही तिच्याकडे आली, आणि मग तिला नावानं हाक मारणाऱ्या मैत्रिणी झाल्या. सातबाऱ्यावर तिचंही नाव लावा. लक्ष्मीमुक्ती योजनेत ते तलाठ्याकडच्या साध्या अर्जानं होतं. मुलीच्या शाळेसाठी आम्ही वर्षभर तालुक्याची बस बघितली आणि शेवटी गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं. चौथीपर्यंत आम्हाला ती पुरेशी वाटली. पुढचं तेव्हा बघू.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तुमच्याकडे बैल नसतील, आजकाल फार थोड्यांकडे आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या गोठ्यात त्या संध्याकाळी जा आणि वाटीभर तूप घेऊन जा. माझी पहिली पेरणी ज्यांच्या जोडीनं झाली त्या काकांकडे आम्ही तिघंही जातो. मुलगी आता शिडी न लावता त्यांच्या सर्जा बैलाच्या खांद्यापर्यंत हात पोचवते.